विनूला न सांगितलेलं दुखणं

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही असं नव्हे. आमच्या घरी येणारा प्रत्येक जण माझ्या आजाराची चौकशी करतो, आणि इंदूरचा माणूस एकदा चौकशीला बसला की अर्ध्यावर उठत नाही. मीही भरभरून सांगायचो. गोळ्या, पथ्य, डॉक्टरांचा स्वभाव, दवाखान्यासमोरच्या गाडीवरची कचोरी, सगळं. एक गोष्ट तेवढी वगळायचो. ती वगळल्यावर बाकी सगळं खरं असूनही खोटं होत होतं, हे मला कळत होतं.

आता वय एकाहत्तर. गेल्या वर्षी हृदयावर उपचार झाले आणि त्यातून मी उठलो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना उपचार निवडताना उपयोग व्हावा म्हणून लिहायला बसलो. पहिल्याच पानावर लक्षात आलं की नुसतं उपचारांचं सांगून भागणार नाही. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो. पुतणीला, मुग्धाला, विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा काका. पण स्वतःला फार झोडपून घेऊ नका. लोक मग तुमचीच कीव करत बसतात."

उभ्याउभ्या

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. तलवारी, जमिनी काही उरलं नाही, ऐट तेवढी उरली. त्या ऐटीतलीच एक गोष्ट म्हणजे आमच्या घरातले पुरुष अंथरुणात मरत नाहीत. आजोबा घोड्याला खरारा करताना गेले. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, इथल्या लालबाग राजवाड्याजवळ चढावर सायकलवरून उतरले, कडेला बसले, ते उठलेच नाहीत. बेचाळीस वर्षांचे होते. आजोबांना घोड्यानं लाथ मारली असणार आणि अण्णांना ऊन लागलं, असं घरात ठरलं.

"आमच्यात उभ्याउभ्या जातात," आई पाहुण्यांना सांगायची. "कोणाकडून पेलाभर पाणीसुद्धा करून घेतलं नाही." सांगताना तिची मान ताठ व्हायची. मी आणि माझा धाकटा भाऊ विनायक, म्हणजे विनू, हे ऐकत वाढलो. दोन पिढ्यांत दोन धडधाकट माणसं अशी गेली तर त्यामागं काही दुखणं असेल, अशी शंका आम्हाला कधी आली नाही. शूर घराण्याची रीत म्हणून आम्ही ते मिरवलं.

व्हॉल्व

मी शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनीयर होतो. निवृत्ती जवळ आली होती. एका टाकीची शिडी चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खालच्या माणसानं धरलं म्हणून वाचलो. तपासण्या झाल्या, छातीचा इको झाला. डॉक्टर वयस्कर, शांत बोलणारे होते. "व्हॉल्व ठीक है साहब," ते म्हणाले. "मसल मोटा है."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड होऊन रक्त बाहेर पडायच्या वाटेवर आली होती. जन्म पंपांमध्ये गेलेल्या माणसाला हे लगेच समजलं. पंप दणकट होता, पण बाहेर जायचं तोंड आवळलं होतं. पंपानं जोर जितका जास्त लावावा तितकं तोंड आणखी आवळत होतं. म्हणून पळताना, चढताना, उन्हात पाणी कमी पडल्यावर चक्कर येते. आणि कधीकधी हृदयाचा ठोका एकदम बिघडतो, मग माणूस जागच्या जागी जातो.

"पिताजी कैसे गए?" त्यांनी विचारलं.

"लू लगी थी."

"उम्र?"

मी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहब, ये खानदानी है. भाई-बहन हैं?"

"एक भाई है. महू में पीटी टीचर है."

"दौड़ता है?"

"दिनभर."

"उनका इको इसी हफ्ते करवाओ. बच्चों का भी."

हे वाक्य मी अकरा-बारा वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. त्यात गैरसमजाला काही जागा नव्हती.

बाहेर येऊन मी आणि सुमन, माझी बायको, बाकावर बसलो. आमच्या केतकीचं स्थळ त्याच महिन्यात पक्कं होत आलं होतं. मुलगा पुण्याचा, पण त्याची आत्या इथली. इंदुरातली मराठी माणसं म्हणजे एक मोठं कुटुंबच आहे. घराण्यात काही दोष आहे का, हे आपल्या तोंडावर कोणी विचारत नाही. बारशाला, श्राद्धाला, कुणाच्या तरी जेवणावळीत शेजारच्या पानावर बसलेल्याला विचारतात. 'खानदानी' हा शब्द एकदा बाहेर पडला असता तर तो पुण्याला आमच्या आधी पोचला असता.

"व्हॉल्व म्हणू," मी म्हटलं. "व्हॉल्वचा त्रास काय, कुणालाही असतो."

"आणि विनूभाऊजींना?" सुमननं विचारलं.

"त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या महूला कळेल. लग्न होऊ दे. मग सांगतो."

पुढं सुमन कधीकधी म्हणायची की चूक दोघांची आहे. तसं नाही. तिनं विचारलं होतं, उत्तर माझं होतं.

मावाबाटी

केतकीची तपासणी मात्र मी त्याच आठवड्यात करून घेतली. तिला खरं सांगितलं नाही. लग्नाआधी सगळ्याच मुली करून घेतात, पॅकेज स्वस्तात मिळतंय, असं काहीतरी सांगितलं. ती वैतागली. "बाबा, मला काय झालंय? माझा नाच बघितला नाहीत का तुम्ही?" रक्त, डोळे, दात, आणि त्या गर्दीत एक इको. बाहेरच्या खुर्चीवर बसून मी देवाची जेवढी नावं माहीत होती तेवढी घेतली.

तिचं हृदय चांगलं निघालं.

परत येताना मी मावाबाटी घेतली, भरपूर. एक डबा शेजारी दिला, एक डबा महूला जाणाऱ्या माणसाबरोबर विनूकडे पाठवला. त्याचा फोन आला, "दादा, मिठाई कशाबद्दल रे? ठरलं का?"

"असंच," मी म्हटलं. "खावीशी वाटली."

"मग अशीच वाटत जा भिया," तो म्हणाला आणि हसला.

माझी मुलगी सुटली म्हणून मी ज्याला मिठाई पाठवली, त्याला तपासायला पाठवलं नाही. या आजाराबद्दल मी पुढं बरंच वाचलं, डॉक्टरांशी बोललो, उपचारांची तुलना केली, पण या एका गोष्टीपाशी आलो की मला पुढं जाता येत नाही.

श्राद्धाचं जेवण

त्या वर्षी पितृपक्षात अण्णांचं श्राद्ध आमच्याकडे होतं. विनू, त्याची बायको निर्मला आणि मुग्धा महूहून आले. आमच्या शालूमामीही होत्या. केतकीचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. त्या पंधरवड्यात लग्नाचं बोलायचं नसतं, म्हणून त्या बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या.

विनू जिना चढून आला आणि वरच्या पायरीवर कठडा धरून थांबला. दिवसभर मुलांबरोबर पळणारा माणूस तो.

"काय रे, म्हातारा झालास?" मी म्हटलं.

"हल्ली दम लागतो यार. परवा ग्राउंडवर चक्कर पण आली."

"गॅस असेल," निर्मला मागून म्हणाली. "सकाळी उठून पोहे, वर शेव अशी ढीगभर."

"शेव सोडायला सांग, मास्तरकी सोडतो," विनू म्हणाला. सगळे हसले.

पानावर बसल्यावर त्यानं एकदम विचारलं, "दादा, तुझं ते व्हॉल्वचं नक्की काय असतं? मलाही बघून घ्यायला पाहिजे का? आपले अण्णा पण असेच..."

मामींचा हात वाटीपाशी थांबला. मी तो बघितला.

"छे! तुला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "व्हॉल्व काय वारशात मिळतो? वारशात काही मिळायचंच असतं तर अण्णांनी आपल्याला घर नसतं दिलं?"

पुन्हा सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं विनू हसला. मामींनी वाटीतली खीर संपवली. केतकीचं लग्न त्या हिवाळ्यात झालं, थाटात झालं. वरातीत विनू इतका नाचला की त्याला खुर्ची द्यावी लागली. मी ती खुर्ची नेऊन दिली.

लग्नानंतर सांगणार होतो. मग वाटलं, मुलगी नवी आहे तिकडे, जरा रुळू दे. मग तिला दिवस गेले. मग वाटलं, विनू ठणठणीत दिसतोय, उगाच घाबरवायला नको. कारण संपलं की दुसरं मिळत गेलं.

विनू

केतकीच्या लग्नानंतर दोन वर्षांत विनू शाळेच्या मैदानावर गेला. वार्षिक खेळांचा सराव चालला होता. शेवटच्या पोराला जोर यावा म्हणून तो रेषेबाहेरून त्याच्या बरोबरीनं पळाला, थांबला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक म्हणून सांगितलं गेलं आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

स्मशानात लांबचे एक चुलते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अण्णांसारखाच गेला बघ. उभ्याउभ्या. घराण्याचं नाव राखलं."

मी मान हलवली.

त्या तेरा दिवसांत निर्मला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची. सकाळी ते म्हणाले होते, छाती जड वाटतेय, आज जात नाही. मीच म्हटलं, पोरं वाट बघत असतील, घरी बसलात तर दिवसभर चिडचिड कराल, जा. मी पाठवलं. बायका तिला समजावत. ती पुन्हा पहिल्यापासून सांगे. मी त्याच खोलीत, भिंतीला टेकून बसलेला असे.

तेराव्यानंतर मी मुग्धाला बाजूला घेतलं. निदान तिला तरी तपासायला पाठवायला हवं होतं. पण त्यासाठी खरं बोलावं लागणार होतं. मी दुसरं खोटं शोधलं. "माझे डॉक्टर परवा म्हणाले, माझा त्रास नुसता व्हॉल्वचा नाही. नवीन तपासणीत मसलचं निघालंय. घराण्यात असू शकतं. तू एकदा इको करून घे."

मुग्धाला तो आजार निघाला. तिच्या छातीत, कातडीखाली, एक लहान यंत्र बसवलं. ठोका बिघडला तर ते आतूनच झटका देतं. दोन वर्षांनी ऑफिसात तिला तो झटका बसला आणि ती वाचली. त्यानंतर निर्मला आमच्या घरी आली, वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, माझी मुलगी तुमच्यामुळे आहे."

मी तिला आशीर्वाद दिला.

चार वाटा

गेल्या वर्षीपर्यंत माझं गोळ्यांवर चाललं होतं. मग जेवल्यावर दम लागायला लागला, आंघोळ करून बाहेर आलो की पलंगावर बसावं लागे. मुग्धा म्हणाली, माझ्या डॉक्टरांना दाखवू. या आजाराचं त्या जास्त बघतात. ती सुट्टी काढून मला घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होत्या. भरभर पण समजेल असं बोलायच्या. त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं, म्हणून हे वाचून कोणी आपलं ठरवू नये, आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं यावरून ठरवावं.

पहिली वाट, चालू गोळ्याच वाढवायच्या. ठोका मंद केला की हृदयाला भरायला वेळ मिळतो. पण माझा ठोका आधीच इतका मंद होता की आणखी वाढवायला जागा नव्हती.

दुसरी, नवी गोळी. ती स्नायूचाच आवळेपणा कमी करते. कापाकापी नाही, बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. पण ती हृदयाला गरजेपेक्षा जास्त ढिलं करू शकते, म्हणून पुन्हापुन्हा इको करावा लागतो. महागही आहे. आणि माझ्या ठोक्यासाठी जी दुसरी गोळी चालू होती तिच्याशी या गोळीचं जमत नव्हतं.

तिसरी, बारीक नळीतून हृदयाच्या एका छोट्या रक्तवाहिनीत थोडं अल्कोहोल सोडायचं. जाड भिंतीचा तेवढा तुकडा मरतो, हळूहळू आक्रसतो आणि वाट मोकळी होते. छाती उघडावी लागत नाही. धोका असा की त्याच भागातून हृदयाच्या विजेचा मार्ग जातो. तो तुटला तर पेसमेकर लागतो.

चौथी, ऑपरेशन. छाती उघडून जादा स्नायू कापून काढायचा. "सबसे पक्का काम यही है, अगर हाथ अनुभवी हो," डॉक्टर म्हणाल्या. असे हात थोडे आहेत. मला त्यासाठी बाहेरगावी जावं लागलं असतं, आणि या वयात छातीचं हाड जुळायला वेळ लागतो. मुग्धाला पुढंमागं गरज पडली तर मात्र त्या आधी ऑपरेशनचाच विचार करणार होत्या. ती तरुण आहे.

"इनमें से कोई बीमारी को जड़ से नहीं निकालता," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "रास्ता खुलता है, बस. जो खून में है वो रहेगा."

खरं सांगतो, मला ते सगळं आवडत होतं. दाब, वाट, अडथळा. मी प्रश्न विचारत होतो, मुग्धा मोबाइलवर लिहून घेत होती. "अंकल जी, आप तो मेरी परीक्षा ले रहे हो," डॉक्टर हसून म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पहली बार कब पता चला था? मसल का?"

मी फाइल चाळायला लागलो.

मुग्धाच म्हणाली, "बाबांच्या नंतर ना काका? नऊ वर्षं."

हो म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "सही-सही बताइए. मसल किस रफ़्तार से बदला है, मुझे इसी से समझ आएगा. पहला इको कब का है?"

"ग्यारह साल," मी म्हटलं.

मुग्धाचा अंगठा मोबाइलवर होता तिथंच राहिला. डॉक्टर पुढं बोलत होत्या. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

गाडीत

ती मला घरी सोडायला निघाली. एका सिग्नलला तिनं विचारलं, "तेव्हाच कळलं होतं? की घराण्यातलं आहे?"

"हो."

"केतकीताईची टेस्ट?"

"केली होती. लग्नाआधी."

"आणि बाबांची नाही."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. "अरे चलो मैडम, हरी हो गई!" तिनं गाडी पुढं घेतली.

"मुग्धा, मी सांगणार होतो गं. लग्न झालं की..."

"काका, प्लीज." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. घराशी गाडी थांबवून ती म्हणाली, "आई नऊ वर्षं म्हणतेय की तिनं पाठवलं. तुम्हाला माहितीये ना? तुमच्यासमोर म्हणते ती."

"माहितीये."

"मग तिला सांगा. तुम्ही सांगायचं. मी आपणहून जाऊन सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

त्या रात्री मी पुण्याला केतकीला फोन करून सगळं सांगितलं. एकदा इको चांगला आला म्हणजे कायमचं सुटलो असं नसतं, तो अधूनमधून पुन्हा करावा लागतो. इतकी वर्षं ते तिला सांगायचं तर मूळ कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तेही मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या लग्नासाठी, बाबा? मला विचारलं असतंत तर मी लग्न मोडलं असतं." तिनं तिकडे तपासणी करून घेतली. ती ठीक आहे. आता मुलाची करणार आहे.

दोन दिवसांनी मुग्धाचा फोन आला. मला वाटलं होतं, आता ती येणार नाही. "राग आहेच," ती म्हणाली. "पण तो बाजूला. तुमचं काय ठरलं? तिसरं की चौथं?"

मी तिसरं म्हटलं.

वॉर्डात

शेजारच्या पलंगावर सांवेरचे एक गृहस्थ होते. घरी सोयाबीन, दोन मुलं, आणि भरपूर बोलायची हौस. मला काय करणार आहेत हे त्यांनी नर्सला विचारून घेतलं आणि उठून बसले.

"बाबूजी, दारू डालेगा दिल में?"

"थोडीशी."

"तमने पहले कभी पी?"

"एक थेंब नाही. नहीं पी."

"ले!" ते हताश होऊन म्हणाले. "म्हारो भई दारू से मरी ग्यो, ने तम दारू से ठीक हुई रिया हो. भगवान को भी कई हिसाब नी है."

मी हसलो. आठवड्यात पहिल्यांदा हसलो असेन.

प्रत्यक्ष उपचारात माणूस जागा असतो. अंगाखालचं टेबल गार, डोक्यावर मोठं यंत्र, बाजूला पडदे. अल्कोहोल सोडलं तेव्हा छातीवर कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी मी घाबरलो. एक तरुण टेक्निशियन माझा खांदा धरून उभा होता. "बस अंकल, हो गया, हो गया," तो म्हणत राहिला, आणि ते होत नव्हतं, आणि मग खरंच झालं. पडद्यावरचा दाबाचा आकडा उतरताना मी पाहिला. आयुष्यभर असे आकडे उतरावेत म्हणून लोकांवर ओरडलो होतो. मला विनू आठवला. ज्याला यातल्या एकाही वाटेबद्दल कोणी विचारलं नाही, तो विनू.

तिसऱ्या दिवशी ठोका फारच मंदावला आणि पेसमेकर बसवावा लागला. ज्यांना हा उपचार करायचा आहे त्यांनी ही शक्यता मनात धरूनच जावं. मला आज त्याचा काही त्रास नाही. जिना चढतो. जेवल्यावर बोलू शकतो.

निर्मला रोज महूहून बसनं यायची. मऊ खिचडी, कधी भाकरीचा कुस्करा. सुमन आंघोळीला घरी जायची तेवढा वेळ ती माझ्याजवळ बसायची. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. एके दुपारी तिनंच विषय काढला.

"दादा, एक विचारू? यांना त्या दिवशी मी पाठवलं नसतं, सरळ इथं आणलं असतं, तर असंच काहीतरी करून वाचवलं असतं का हो?"

उत्तर माझ्याजवळ होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"तसं नसतं गं," मी म्हटलं आणि डोळे मिटले.

तिला वाटलं, मी थकलो. तिनं चादर नीट केली, पंखा एकनं कमी केला आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी डबा मुग्धा घेऊन आली. त्यानंतरही तीच. मी विचारलं नाही. शेवटी डिस्चार्जच्या दिवशी सामान भरताना ती म्हणाली, "आईनं विचारलं, काकांना हे कधीपासून आहे. मी सांगितलं."

महू

बरं वाटल्यावर मी एकटा महूला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो, पुन्हापुन्हा मनात म्हणून बघत होतो.

निर्मलानं दार उघडलं. "या दादा," म्हणाली. पाणी दिलं. चहा टाकला. साखर कमी, माझ्या सवयीप्रमाणे. समोर बसली आणि मी कप खाली ठेवताच हात वर केला.

"तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. बोलू नका."

"निर्मला, एकदा..."

"नको ना. तुम्ही बोललात की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. असू दे म्हणावं लागेल. तुम्ही मोठे आहात, आजारातून उठलायत, समोर बसलायत, मला दुसरं काही म्हणताच येणार नाही. आणि मला अजून तसं म्हणायचं नाहीये." तिचा आवाज चढला नाही. "चहा घ्या. गार होतोय."

मी चहा घेतला. ती दारापर्यंत आली. "सावकाश जा, ऊन आहे," म्हणाली आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत उभी राहिली.

त्याला आता सहा महिने झाले. तिचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. तिनं नको म्हटलंय, आणि या बाबतीत तरी मला तिचं ऐकायचं आहे. ज्यांच्या घरात असं दुखणं निघेल त्यांनी त्याचं खरं नाव घेऊन ते भावाला, बहिणीला, मुलांना त्याच दिवशी सांगावं, त्यासाठी मी हे सगळं लिहिलं. पण बसमध्ये जुळवलेली वाक्यं तशीच माझ्याजवळ राहिली आहेत. ती अशी होती.

निर्मला, विनूला काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. त्यानं मला तोंडावर विचारलं आणि मी ते हसण्यावारी नेलं, माझ्या मुलीचं लग्न मोडू नये म्हणून. माझ्या मुलीला मी तपासून घेतलं, तुझ्या नवऱ्याला नाही. त्या सकाळी तुझं काही चुकलं नव्हतं. तू समोर बसून स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी तो तुला देऊ दिला, एवढी वर्षं. त्याबद्दल मला माफ कर.